एलिएजर बेन-यहूदा : जुन्या शब्दांचा कारभारी

आमच्या मंडळ्यांत प्रार्थना संपताच लहानथोर सर्व जण एक शब्द मिळून उच्चारतात. तो शब्द आमेन. तो मराठी नव्हे, संस्कृत नव्हे, आणि इंग्रजी साहेबांनी आणिलेलाही नव्हे. तो इब्री भाषेतला आहे. स्थिर असणे, भरवशाचा असणे, असा त्याच्या मूळ धातूचा अर्थ आहे. विश्वास ह्या अर्थाचा इब्री शब्द त्याच धातूपासून झाला आणि तान्ह्या मुलाला कडेवर सांभाळणाऱ्याचे इब्री नावही त्यातूनच निघाले. अरबी भाषा ही इब्रीची बहीण. तिच्यात ह्याच धातूपासून इमान व अमानत हे शब्द झाले, आणि फारशी दरबारांच्या वाटेने ते मराठीत येऊन राहिले. म्हणून गावचा पाटील एखाद्याच्या इमानाची वाखाणणी करितो आणि उपदेशक प्रार्थनेअंती आमेन म्हणतो, तेव्हा ते दोघे नकळत एकाच विहिरीचे पाणी काढीत असतात.

मनुष्यांप्रमाणे शब्दांसही कुळी असते. ते जन्मतात, देशांतर करितात, धंदा बदलतात. कित्येक शेकडो वर्षे पोथीत निजून राहतात आणि एखाद्या दिवशी कोणी हाक मारिली म्हणजे उठून कामास लागतात. इब्री शब्दांची अशी कुळी शोधण्यात व निजलेल्या शब्दांस हाका मारण्यात ज्याने आपले सर्व आयुष्य वेचिले, त्या एलिएजर बेन-यहूदा ह्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ह्या कामाची किंमत त्याने स्वतः भरिलीच, पण त्याच्या बायकामुलांसही ती भरावी लागली. तीही आम्ही लपवून ठेवणार नाही.

प्रथम त्या भाषेची स्थिती सांगितली पाहिजे. जुन्या करारात सुमारे आठ हजार निरनिराळे शब्द आहेत. त्यांतील बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूंपासून झालेले आहेत. कृ ह्या एका धातूपासून कर्ता, कर्म, कार्य व कृती असे शब्द निघतात हे आमच्या शाळामास्तरांस ठाऊक आहे. इब्रीतही तसेच घडते. मोजणे ह्या अर्थाच्या एका धातूपासून सेफेर म्हणजे ग्रंथ, सोफेर म्हणजे शास्त्री किंवा लेखक, मिस्पार म्हणजे संख्या आणि सिप्पूर म्हणजे गोष्ट, असे शब्द झाले. ग्रंथालयास आज सिफ्रिया म्हणतात, तोही त्याच घराण्यातला.

ह्या भाषेत सर्वच शब्द मूळचे घरचे आहेत असेही नाही. देवाच्या मंदिरास व राजवाड्यास जुन्या करारात हेखाल हा शब्द येतो. त्याची कुळी शोधीत गेल्यास बाबेलच्या भाषेतून आपण थेट सुमेर देशात पोहोचतो; तेथे त्याचा अर्थ केवळ मोठे घर असा होता. यहूद्यांच्या मुख्य न्यायसभेस सन्हेद्रिन म्हणत, पण तो शब्द ग्रीक आहे. एस्तेरच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात अहश्वेरोश राजाच्या वाड्यातील पडद्यांचे वर्णन आहे. तेथील कर्पास हा शब्द संस्कृत कर्पास ह्यापासून इराणमार्गे गेलेला आहे, आणि त्याच कर्पासाचा आमचा कापूस झाला. आमच्या देशाच्या शेतातले बोंड अशा रीतीने शास्त्रात जाऊन बसले आहे!

इ. स. १३२ ते १३५ ह्या वर्षांत रोमी लोकांविरुद्ध यहूद्यांचे जे बंड झाले, त्यात यहूदिया प्रांत उद्ध्वस्त झाला. इ. स. २०० च्या सुमारास मिशना हा धर्मनियमांचा संग्रह सिद्ध झाला, तोपर्यंत घरोघर इब्री बोलणे मागे पडत चालले होते. अरामी भाषेने तिची जागा घेतली, व पुढे यहूदी ज्या ज्या देशांत गेले तेथील भाषा ते बोलू लागले. तथापि ती भाषा मेली होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. प्रार्थना तीतच होत, विद्वान तीत ग्रंथ लिहीत, व्यापारी दूरदेशीच्या यहूद्यांस तीतच पत्र धाडीत, आणि स्पेन देशात तर तीत मोठे कवी होऊन गेले. तीत उणे एवढेच होते की, ती कोणत्याही बाळाने आईच्या मांडीवर शिकलेली नव्हती. होम, सिंहासन, करार व पश्चात्ताप ह्यांस तिच्यात भरपूर शब्द होते. पण अंग पुसण्याचे फडके, मुलीची बाहुली किंवा सकाळचे वर्तमानपत्र ह्यांस चालता शब्द नव्हता. सुमारे सतराशे वर्षे तिची ही स्थिती होती.

एलिएजराचा जन्म ७ जानेवारी १८५८ रोजी रशियाच्या साम्राज्यातील लुझ्की नावाच्या खेड्यात झाला. ते खेडे आता बेलारूस देशात आहे. त्याचे आडनाव पर्लमान. घरची भाषा यिद्दिश, म्हणजे यहूदी लोकांनी जर्मन बोलीपासून बनविलेली व इब्री अक्षरांत लिहिलेली. तो पाच वर्षांचा असताना त्याचे वडील क्षयाने वारले. आईने हालअपेष्टा सोसून त्यास धर्मशिक्षणास घातले. पुढे धर्मगुरू होईल अशी तिची आशा होती. मुलगा हुशार होता. पोलोत्स्क येथील धर्मशाळेत असता एका गुरूने त्यास इब्रीचे व्याकरण गुपचूप शिकविले, व तीत भाषांतर झालेली रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट त्याच्या हाती दिली. निर्जन बेटावर सापडलेल्या खलाशाची ही कथा मोशेच्या व यशयाच्या भाषेत वाचताना मुलास नवल वाटले. ह्या भाषेत समुद्र, होडी, बकरी व कुंपण ह्यांच्या रोजच्या गोष्टी सांगता येतात, तर ती बोलता का येऊ नये, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनात घर करून राहिला.

असली ऐहिक पुस्तके वाचणे त्या काळी पाखंड समजत. तो आपल्या नातलगाच्या घरातून बाहेर पडला, आणि पुढे योनास नावाच्या एका सुशिक्षित यहूदी गृहस्थाच्या घरी त्यास आश्रय मिळाला. त्यांची वडील कन्या दबोरा हिने त्यास रशियन, फ्रेंच व जर्मन शिकविले. हीच पुढे त्याची पत्नी झाली. १८७७ साली त्याने सरकारी शाळेचा अभ्यास पुरा केला. त्याच सुमारास रशिया व तुर्कस्थान ह्यांचे युद्ध पेटले होते, आणि बल्गार वगैरे लहान राष्ट्रे आपली भूमी व आपली भाषा घेऊन उभी राहत होती. आपल्या लोकांचे असे का होऊ नये, असे त्या तरुणास वाटले.

१८७८ साली तो वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला. तेथे पित्याचाच रोग आपल्या छातीत आहे हे त्यास कळले. मरण जवळ आहे असे समजून बहुतेक माणसे हातपाय गाळतात. ह्याने उलट घाई केली. १८७९ साली व्हिएन्ना येथील एका इब्री मासिकात त्याचा लेख छापून आला. यहूदी लोकांनी आपल्या पूर्वजांच्या देशात वस्ती करावी, व त्यांची भाषा तेथे पुन्हा जिवंत व्हावी, असे त्याचे प्रतिपादन होते. लेखाखाली त्याने पर्लमान हे नाव न घालता बेन-यहूदा असे घातले. इब्रीत बेन म्हणजे पुत्र, आणि त्याच्या पित्याचे नाव यहूदा होते. येथून पुढे जगाने त्यांस ह्याच नावाने ओळखिले.

वैद्यांच्या सल्ल्याने ते उष्ण हवेसाठी अल्जीरिया देशात गेले. तेथील यहूदी यिद्दिश जाणत नव्हते, म्हणून त्यांच्याशी बेन-यहूदा मोडकेतोडके इब्रीच बोलू लागले. आणि काय आश्चर्य! ती वाणी जिभेवर चालू लागली. १८८१ च्या शरद ऋतूत ते दबोरेसह याफो बंदरी उतरले. तो देश ओसाड नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे अरब लोक त्यांनी पाहिले, आणि पूर्वजांच्या भूमीवर पाय ठेविताना आपणच परके आहो असे मनास वाटले, हे त्यांनी पुढे स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेविले आहे.

यरुशलेमात आल्यावर त्यांनी घरात एक नियम केला: ह्या उंबरठ्याच्या आत इब्रीवाचून दुसरी भाषा नाही. दबोरेस त्या वेळी इब्री फार थोडी येत होती. तरी तिने तो नियम मान्य केला. पतीस नवे शब्द घडविण्यात आनंद होता, परंतु चुलीपुढे मुके राहण्याचे ओझे तीवरच पडले. ज्या वस्तूस शब्द नाही ती मागावी कशी? शेजारणीशी बोलावे काय? ३१ जुलै १८८२ रोजी त्यांस पुत्र झाला. त्याचे नाव बेन-सियोन ठेविले. पुढे तो इथामार बेन-आवी ह्या नावाने प्रसिद्ध झाला. ह्या मुलाच्या कानी इब्रीवाचून एकही शब्द पडू द्यावयाचा नाही असा पित्याचा निश्चय होता. परकी भाषा बोलणारे पाहुणे आले म्हणजे बाळास दुसऱ्या खोलीत निजवीत. त्यास सवंगडी नव्हते, कारण त्याची भाषा बोलणारे दुसरे मूलच जगात नव्हते.

तीन वर्षे उलटून गेली तरी मूल बोलेना. ते मुके निघणार, वेडे होणार, असे इष्टमित्र म्हणू लागले. त्या मुलाने मोठेपणी सांगितलेली हकीकत अशी की, एके दिवशी आई त्यास रशियन अंगाईगीत म्हणून दाखवीत असता बाप अकस्मात घरी आला व अत्यंत संतापला. ते भांडण पाहून भ्यालेल्या बालकाच्या तोंडून प्रथमच शब्द बाहेर पडले, आणि ते इब्री होते. ह्या गोष्टीत आठवणीने किती रंग भरिला असेल ते असो. परंतु ज्या आईस आपल्या बाळापुढे आपल्या आईचे गीत गाण्याची मनाई होती, तिचे दुःख रंगविण्याची गरज नाही. मुलगा बोलू लागला. अनेक शतकांनंतर इब्री ही ज्याची मातृभाषा म्हणता येईल असा तो पहिला मनुष्य झाला. मात्र वाचकांनी हे विसरू नये की, ती मातृभाषा त्याच्या मातेस नव्याने शिकावी लागली होती.

आता मूल बोलू लागले म्हणजे ते मागूही लागते, आणि मागण्यास शब्द लागतात. येथे बेन-यहूदांचे खरे काम सुरू झाले. त्यांची रीत अशी होती. प्रथम शास्त्रात शोधावे. तेथे न मिळाल्यास मिशना, तालमूद व मधल्या काळचे ग्रंथ धुंडाळावे. तेथेही न मिळाल्यास जुन्या धातूस व्याकरणाच्या साच्यात घालून नवा शब्द पाडावा. आणि धातूही न सापडल्यास अरबी बहिणीकडे मागावा. शब्दकोशास पूर्वी शब्दांचे पुस्तक असे लांबलचक म्हणत. शब्दास इब्रीत मिल्ला म्हणतात, त्यावरून त्यांनी मिलोन हा सुटसुटीत शब्द केला. वर्तमानपत्रास दोन शब्दांचे जड नाव होते. एत म्हणजे काळ, त्यावरून त्यांनी इतोन केला. वाळविणे, कोरडे करणे, ह्या अर्थाच्या धातूपासून अंग पुसण्याच्या पंचास मगेवेत हे नाव दिले. बाहुलीस बुबा म्हटले. रानात मान्ना पडला तो जमिनीवर हिमकणांसारखा बारीक दिसत होता असे निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. तेथील हिमकणांस जुन्या अरामी भाषांतरात जो शब्द वापरिला आहे, त्यावरून त्यांनी गोठविलेल्या गोड दुधास ग्लिदा हे नाव ठेविले. अरबी मुरब्बा ह्या शब्दाच्या धातूपासून त्यांनी रिबा हा शब्द काढिला, आणि तोच अरबी शब्द आमच्या घरी मुरंबा होऊन बरणीत बसला आहे.

सर्वच नवे शब्द त्यांचे नव्हते. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात अग्नीच्या मध्यभागी जे तेज चकाकत होते त्यास हश्मल म्हटले आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे तृणमणी ह्या अर्थाचा शब्द घातला. तृणमणी घासला असता गवताच्या काड्या ओढून घेतो, म्हणूनच आमच्याकडे त्यास ते नाव आहे. आणि ह्याच गुणामुळे युरोपातील भाषांनी विजेच्या शक्तीस त्या मण्याच्या ग्रीक नावावरून नाव दिले. हे पाहून यहूदा लेब गॉर्डन ह्या इब्री कवीने वीज ह्या अर्थी हश्मल शब्द योजिला. संदेष्ट्याने कबार नदीच्या तीरी पाहिलेले तेज आज त्या भाषेत दिव्याच्या तारेतून वाहत आहे.

कित्येक शब्द बेन-यहूदांच्या आग्रहानंतरही चालले नाहीत. टोमॅटोस एका दुसऱ्या विद्वानाने अग्वानिया हा शब्द सुचविला. त्याचा धातू यहेज्केलच्या तेविसाव्या अध्यायातील कामवासनेच्या अर्थाचा आहे, म्हणून तो बेन-यहूदांस अभद्र वाटला. त्यांनी अरबीवरून बदुरा हा शब्द पुढे केला, व त्यांच्या घरी तोच चाले. परंतु बाजाराने अग्वानिया पसंत केला, आणि आज तोच रूढ आहे. शब्द घडविणे विद्वानाच्या हाती असते, पण त्यास घरात घेणे न घेणे भाजीवालीच्या हाती असते.

ह्या कामासाठी त्यांनी १८८४ साली यरुशलेमात हा-त्स्वी नावाचे वर्तमानपत्र काढिले, आणि नवे शब्द त्यातून लोकांपुढे ठेविले. तेथील एका शाळेत त्यांनी इब्री ही इब्रीतूनच शिकविली. १८९० साली भाषेच्या विचारासाठी एक मंडळ स्थापिले. ते लवकरच मोडले, पण १९०४ साली पुन्हा उभे राहिले, आणि १९५३ साली त्याचेच रूपांतर सरकारमान्य भाषासंस्थेत झाले.

यरुशलेमातील जुन्या वळणाच्या धर्मनिष्ठ यहूद्यांस हे मुळीच रुचले नाही. त्यांचा पक्षही आपण समजून घेतला पाहिजे. ज्या वाणीत नियमशास्त्र दिले गेले ती पवित्र. तिने कांदे मोलावे, भांडणे करावी, वर्तमानपत्रे विकावी, हे त्यांस वेदीवरचे पात्र घेऊन गुरांस पाणी पाजण्यासारखे वाटले. बेन-यहूदांनीही आपल्या पत्रात त्यांच्यावर कठोर टीका केली; त्यात सौम्यपणा नव्हता. अखेर त्यांस समाजातून बहिष्कृत करण्यात आले.

१८९१ साली दबोरा क्षयाने वारली. मागे पाच लहान मुले राहिली. त्यानंतर लवकरच घशाच्या साथीच्या रोगाने त्यांतील तीन मुले थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावली. जे घर इब्री शब्दांनी भरावयाचे होते ते रडण्याने भरले. दबोरेच्या धाकट्या बहिणीने, सर्व जाणून असताही, ह्या रोगी व दरिद्री मनुष्याशी लग्न करण्याचे पत्करिले. तिने हेम्दा हे इब्री नाव घेतले, ती भाषा शिकली, आणि पतीच्या हयातीत व त्यानंतरही ह्या कामाची ती आधारस्तंभ झाली.

थोड्याच काळात एका शब्दाने त्यांस तुरुंग दाखविला. मक्काबी वीरांच्या स्मरणाच्या सणानिमित्त त्यांच्या पत्रात एक लेख आला. तो त्यांच्या सासऱ्यांनी लिहिलेला होता. लोकांनी हयिल गोळा करून पुढे जावे अशा आशयाचे वाक्य त्यात होते. आता हयिल ह्या शब्दाची कुळी पाहा. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात ज्या सद्गुणी स्त्रीची स्तुती आहे, तिच्या वर्णनात हाच शब्द आहे. रूथ हिच्याविषयी बवाजाने जे गौरवाचे शब्द काढिले त्यांतही तो आहे. तेथे त्याचा अर्थ थोर गुण, सामर्थ्य, असा होतो. परंतु निर्गमात फारोचे जे दळ समुद्रात बुडाले त्यासही हयिलच म्हटले आहे. शत्रूंनी तुर्की अधिकाऱ्यांकडे जाऊन सांगितले की, हा मनुष्य सैन्य जमवून बंड करण्यास सांगत आहे. बेन-यहूदांस पकडून शिक्षा ठोठावली, व त्यांचे पत्र बंद पडले. पुढे वरच्या न्यायालयात दाद मागितल्यावर ते सुटले. परंतु शब्दाचे दोन अर्थ ठाऊक असूनही त्यांतला एकच सांगणारा शेजारी किती घातक असतो, हे त्यांनी त्या कोठडीत चांगले जाणले असेल.

तुरुंगातून सुटलेला मनुष्य शब्दांस भिऊन दूर राहता. हे मात्र अधिकच त्यांच्या मागे लागले. आरंभापासूनच्या सर्व काळातील इब्री शब्दांचा कोश करावयाचा, प्रत्येक शब्द कोणत्या युगात कोणत्या अर्थाने आला हे उताऱ्यांनिशी दाखवावयाचे, अरबी, अरामी वगैरे भगिनीभाषांतील त्याचे सोयरे सांगावयाचे, आणि जर्मन, फ्रेंच व इंग्रजी अर्थ द्यावयाचे, असे हे प्रचंड काम होते. त्यासाठी त्यांनी युरोपातील मोठमोठी ग्रंथालये पालथी घातली व हस्तलिखितांतून असंख्य टिपणे केली. दिवसाचे बहुतेक तास ते मेजापाशीच असत. ह्या कोशाचा पहिला भाग १९०८ साली बर्लिन येथे निघाला.

ह्या सर्वाचे श्रेय एकट्या बेन-यहूदांस दिले तर ते खरे होणार नाही. जी भाषा एका घरात बोलली जाते ती कुटुंबाबरोबर संपते. तिला खरा आधार दिला तो नव्या वसाहतींतील खेड्यांच्या शाळामास्तरांनी. रिशोन-लेसियोन ह्या खेड्यात १८८६ साली सर्व विषय इब्रीतून शिकविणारी शाळा निघाली. पाठ्यपुस्तके नव्हती, शब्द अपुरे होते. मास्तर रात्री शब्द जुळवीत आणि सकाळी मुलांस शिकवीत. मुलांनी ते शब्द घरी नेले, व आईबाप आपल्या मुलांपासून ती भाषा शिकले. १९१३ साली हैफा येथे निघणाऱ्या नव्या तंत्रविद्यालयात जर्मन भाषेतून शिकवावे असे चालकांनी ठरविले, तेव्हा शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी संप केला, आणि पुढल्या वर्षी चालकांस माघार घ्यावी लागली. संपास इब्रीत श्विता म्हणतात. थांबणे, काम बंद ठेवणे, ह्या ज्या धातूपासून शब्बाथ झाला त्याच धातूचा तो शब्द आहे. विसाव्याच्या दिवसाच्या शब्दाने भाषेसाठी असे काम केले. १९१६ ते १९१८ च्या गणतीत त्या देशातील यहूद्यांपैकी सुमारे शेकडा ४० लोकांनी इब्री ही आपली भाषा म्हणून सांगितली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात बेन-यहूदा सहकुटुंब अमेरिकेत राहिले, व तेथील ग्रंथालयात बसून कोश लिहीत राहिले. १९१९ साली ते परत आले. तुर्कांची सत्ता गेली होती. जुलै १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने मान्य केलेल्या सनदेत पॅलेस्टाइनच्या कारभाराच्या भाषा इंग्रजी, अरबी व इब्री ह्या तीन ठरल्या. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बेन-यहूदा मरण पावले. सणाचे दिवे त्या रात्री घरोघर लागलेले होते. हजारो लोक त्यांच्या प्रेतयात्रेस आले, आणि जैतुनांच्या डोंगरावर त्यांस मूठमाती देण्यात आली. ज्या रोगाने विशीत त्यांस मरणाची सूचना दिली होती, त्यास त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे थांबवून धरिले होते.

कोश अर्धवट राहिला. हेम्दाबाईंनी व मुलाने तो पुढे चालविला, विद्वानांनी संपादन केले. १९५१ साली हेम्दाबाईही गेल्या. शेवटी १९५९ साली, प्रस्तावनेच्या भागासह एकंदर सतरा भागांत, तो पूर्ण झाला. पहिला भाग निघाल्यापासून एक्कावन्न वर्षे झाली होती.

ह्या इतिहासाचा एक धागा आमच्या महाराष्ट्राशीही जुळतो. कोकणातील बेने-इस्राएल लोक शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार-तेली म्हणत. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी इब्री भाषेचे व्याकरण मराठीत छापिले, म्हणजे बेन-यहूदांच्या जन्मापूर्वी २६ वर्षे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर ह्या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथे त्यांनी मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही चालविले. परंतु त्यांची नातवंडे आता इब्रीच बोलतात. आजीची भाषा नातवास परकी झाली. दबोरेच्या अंगाईगीताचे जे झाले ते तेथे यिद्दिशचे, स्पेनच्या यहूदी बोलीचे, आणि काही अंशी मराठीचेही झाले. शिवाय त्याच भूमीवर अरबी बोलणारे जे लोक होते, त्यांच्या व नव्या राष्ट्राच्या कलहात अपार दुःख झाले आहे, व ते अद्याप शमलेले नाही. ज्या अरबी बहिणीकडून बेन-यहूदांनी इतके शब्द मागून घेतले, तिच्या लेकरांशी सख्य मात्र मागून मिळाले नाही, ही ह्या कथेतील खेदाची गोष्ट होय.

तथापि आज नव्वद लाखांच्या आसपास लोक इब्री बोलतात. एक भाषा शेकडो वर्षे घराबाहेर राहून पुन्हा चुलीपाशी आली, असे दुसरे मोठे उदाहरण जगाच्या इतिहासात दाखविता येत नाही. बेन-यहूदा स्वतः धर्माचरणी राहिले नव्हते. शास्त्राकडे ते श्रद्धेपेक्षा भाषेच्या प्रेमाने पाहत. तरीही आमच्या उपदेशकांस त्यांच्यापासून शिकण्याजोगे आहे. आपण व्यासपीठावर जे शब्द उच्चारतो त्यांस कुळी आहे, वय आहे, आणि एकाहून अधिक अर्थ आहेत. हयिल म्हणजे सैन्यच असे एखाद्याने ठरविले तर सद्गुणी स्त्री हाती शस्त्र घेतलेली दिसेल. म्हणून शब्द हाती घेण्यापूर्वी तो कोठून आला, कोणाच्या घरी राहिला, व येथे कोणते काम करीत आहे, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. धान्य पाखडल्यावाचून कोणती सुगरण दळावयास बसते?

असे सांगतात की, अखेरच्या दिवशी बेन-यहूदांच्या मेजावर जो शब्द होता तो नेफेश हा होय. त्याचा अगदी जुना अर्थ गळा असा आहे. स्तोत्रसंहितेत बुडणाऱ्या मनुष्याच्या गळ्याशी पाणी येते तेथे हाच शब्द आहे. गळ्यातून श्वास जातो, म्हणून त्याचा अर्थ श्वास झाला. श्वास आहे तोवर प्राण, म्हणून प्राण झाला. पुढे प्राणधारी मनुष्य, आणि शेवटी त्याचा जीव अथवा आत्मा, असे अर्थ वाढत गेले. ज्याचा श्वास आयुष्यभर अपुरा पडत होता, त्या मनुष्याने ह्या शब्दाची टिपणे पुढे ओढून घेतली, आणि त्याचे काम इतरांवर सोपवून तो गेला.